पावती दोन हजारांची, टाच बागेवर

(मालवण तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर आंब्याची दलाली आहे, काजू बीचा भाव आहे. ते विषय दुपारी होतीलच. त्याआधीचा अर्धा तास मी मागून घेतला आहे तो एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीसाठी. गाडीवर झालेला, मोबाईलवर येऊन पडलेला आणि न भरलेला दंड, हा माझा विषय आहे.

शेतकऱ्यांच्या चळवळीने पोलिसाच्या पावतीत कशाला डोके घालायचे, असे कोणी विचारील. बरोबर आहे. पाचशे रुपयांच्या दंडाने कोणी शेतकरी बुडत नाही. पण न भरलेला दंड एकटा राहत नाही. तो गाडीच्या कागदांना चिकटतो, कागद विम्याला चिकटतात, विमा अपघाताला आणि अपघात सातबाऱ्याला. ही साखळी कायद्यात लिहिलेली आहे. मी शेतकी शिकलेला माणूस, वकील नाही. पण मोहोर काळा पडल्यावर तुडतुड्याची फवारणी करून उपयोग नसतो, ती पालवी फुटताना करायची असते, एवढे तुम्हाला आणि मला दोघांना कळते. दंडाचेही तसेच आहे.

दंड आपल्यालाच का लागतो?

आपल्या तालुक्यात दुचाकी ही चैन राहिलेली नाही. देवबागच्या टोकाहून पहाटे लिलावाला पोचायचे, मसुऱ्याहून कट्ट्याच्या बाजाराला जायचे, आचऱ्याहून मुलीला कॉलेजात सोडायचे, तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत. आंब्याच्या हंगामात पेट्यांचा पिकअप रात्री निघतो आणि पहाटे वाशीला पोचावा लागतो. उशीर झाला तर भाव पडतो. म्हणून ड्रायव्हर गाडी दामटतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. तिथे पोलीस हात दाखवत नाही, शिट्टी वाजवत नाही. फोटो निघतो आणि चलन तयार होते.

हे चलन जाते कुठे? गाडीच्या नोंदीत जो मोबाईल नंबर आहे त्यावर. तो नंबर कोणाचा आहे? गाडी घेताना शोरूममधल्या पोराने घातलेला, किंवा मुंबईच्या भावाचा, किंवा तुम्ही चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा. गाडी वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन सहा वर्षे झालेली. म्हणजे दंड झाला हेच आपल्याला कळत नाही. कळले तरी आपले उत्तर ठरलेले असते : "बघूया काय होता तां!" काय होते ते आज बघू.

आकडे आता जुने राहिलेले नाहीत

मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. आपल्या राज्यात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. लायसन्स नसताना गाडी चालवली तर पूर्वी ५०० रुपयांपर्यंत दंड होता, तो ५,००० झाला. विमा नसेल तर १,००० होते, ते पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडला तर ४,००० झाले. या विनाविमा गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. नववीतला झिलगा स्कूटर घेऊन दुकानात जातो याचे कौतुक करणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता पाच हजार म्हणजे किती? हंगामात पाच हजार पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराला ती एका दिवसाच्या भाड्याची रक्कम आहे. त्याच्या बागेत गवत काढणाऱ्या, कलमांना आळी करणाऱ्या गड्याची ती किती दिवसांची मजुरी होते, याचा हिशेब तुम्हीच करा. कायद्याचा आकडा दोघांना एकच आहे. मार मात्र एकच नाही.

न भरलेला दंड पुढे काय करतो?

पहिली पायरी आरटीओची. गाडीवर चलन थकलेले असले की तिच्या नोंदणीसंबंधीची कामे अडतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची आहे, लायसन्सचे काम आहे, तर आधी चलन मिटवा असे सांगितले जाते. ओरोसला गाडीभाडे घालून गेलेला माणूस एक दिवस बुडवून परत येतो.

दुसरी पायरी कोर्टाची. चलन कोर्टात गेले की समन्स येते. समन्सला गेलो नाही तर वॉरंट निघू शकते. मूळ दंड पाचशेचा, पण वॉरंट हे वॉरंटच असते. गणपतीच्या आदल्या दिवशी दारात हवालदार उभा राहिला तर वाडीत कोणी विचारत नाही की दंड किती रुपयांचा होता.

तिसरी पायरी शिक्षेची. कोर्टाने दंड ठोठावला आणि तो भरला नाही, तर बदली कैद देता येते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जो हिशेब होता तो ऐका : गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा असेल तर ५० रुपयांपर्यंतच्या दंडाला जास्तीत जास्त दोन महिने साधी कैद, १०० रुपयांपर्यंत चार महिने, त्यापुढे सहा महिने. हे आकडे दीडशेहून अधिक वर्षे तसेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ५,००० रुपयांपर्यंत दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत असे झाले. पैसे भरले की ही कैद तिथेच संपते. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ही कैद नाहीच. ती फक्त ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी आहे.

आणि चौथी पायरी. दंड वसूल करण्यासाठी कोर्ट जंगम मालमत्ता जप्त करण्याचे वॉरंट काढू शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवू शकते की ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करा. जमीन महसुलाची थकबाकी! हे शब्द कानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

मी तुम्हाला घाबरवायला आलेलो नाही. हेल्मेटच्या पाचशे रुपयांसाठी कोणी तुमची बाग लिलावात काढणार नाही. बागेला धोका आहे तो दुसऱ्या वाटेने.

साखळी कशी जुळते?

एक उदाहरण धरू. कोणा एकाचे नाही, पण प्रत्येक वाडीत घडू शकेल असे.

एका शेतकऱ्याने २०१९ साली मोटारसायकल घेतली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे पाच वर्षे विम्याची आठवण कोणी केली नाही. २०२४ साली तो विमा गुपचूप संपला. दरम्यान गाडीवर तीन-चार चलने चढली. शेतकऱ्याने गाडी विकायची ठरवली. नाव बदलायला गेला तर चलने आडवी आली. गिऱ्हाईक म्हणाले, "कागद मागसून करूया, पैसे घेवा." स्टॅम्पपेपरवर सही झाली, किल्ली दिली, विषय संपला.

विषय संपला नाही. आरटीओच्या दप्तरात मालक हाच शेतकरी आहे. नव्या माणसाने अंधारात कोणाला तरी उडवले. घरातला कमावता माणूस गेला. त्याच्या बायकोने दावा लावला आणि तो लावण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. भरपाईची रक्कम मयताचे वय आणि कमाई पाहून ठरते. ती लाखांत जाते. विमा नाही. मग देणार कोण? ज्याच्या नावावर गाडी तो. गाडी विकली पण नोंद बदलली नाही, तर नोंदणीकृत मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

विमा असून चालवणाऱ्याकडे लायसन्स नसले तरी गोष्ट बिकटच. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने जी वाट घालून दिली तिच्यानुसार विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. मेलेल्या माणसाच्या घराला पैसे मिळतात, हे न्याय्यच आहे. पण शेवटी ते तुमच्या घरातून जातात.

आणि वसुली कशी होते? मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाने दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवते, आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतात. आले ना तेच शब्द? तिथून पुढे नोटीस, जप्ती, लिलाव हे सगळे महसुलाचे मार्ग उघडे होतात. आपल्याकडचे सातबारे कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. एका उताऱ्यावर वीस-वीस नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत, वाटप झालेले नाही. एकाच्या हिश्श्याला जप्ती लागली की वीस घरांची कर्जे, फळबाग अनुदाने, बक्षीसपत्रे सगळी लोंबकळतात.

विनाविमा सापडला तेव्हा दोन हजारांची पावती झाली होती. ती पावती म्हणजे इशारा होता. आपण पावती न भरता खिशात कोंबली आणि विमाही काढला नाही. २०२२ साली ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता, कर वेगळा. कलमावरच्या एका फवारणीच्या औषधाचा खर्च याहून कितीतरी जास्त असतो. औषध आपण उधार आणून मारतो, विमा मात्र राहून जातो.

आकारी पड विसरू नका

थकलेल्या छोट्या रकमेपायी जमीन जाते, हे सिंधुदुर्गाला नवे नाही. सावंतवाडी-दोडामार्ग भागात "आकारी पड" म्हटले की म्हाताऱ्या माणसांना काय म्हणायचे ते कळते. शेतसारा भरला नाही म्हणून सरकारजमा झालेली ती जमीन. महसूल कायद्याच्या २२० व्या कलमात तरतूद आहे : थकबाकीदाराच्या जमिनीला लिलावात बोली आली नाही तर सरकार नाममात्र किमतीला ती आपल्या नावावर घेऊ शकते. बारा वर्षांत थकबाकी भरली तर जमीन परत मिळण्याची वाट होती, त्यानंतर नव्हती. सारा होता किती? आजच्या चहाच्या बिलाएवढा. पिढ्या गेल्या, जमीन कसणारे कसतच राहिले, पण सातबाऱ्यावर सरकार बसले. अशा जमिनी मूळ खातेदारांना किंवा वारसांना परत देण्यासाठी कायदा बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो जानेवारी २०२५ मध्ये. त्यासाठी लोकांना किती वर्षे अर्ज, मोर्चे आणि हेलपाटे करावे लागले!

ग्रामपंचायतीतही हेच. कराचे मागणी बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत घरपट्टी भरली नाही तर निवडून आलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. थकबाकी शेकड्यांत, गमावली जाते ती खुर्ची.

बाहेर काय घडले?

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या पोलीस आणि कोर्टाच्या कारभारावर अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात एका बाईची हकीकत आहे. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीची लावली. दंड १५१ डॉलर आणि वर फी. ती गरीब होती, भरता आले नाही, तारखा चुकल्या. पुढच्या सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस ती तुरुंगात राहिली, ५५० डॉलर तिने भरले. आणि २०१४ च्या डिसेंबरात तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर बाकी होते! आपल्याकडच्या सावकाराच्या वहीत आणि या हिशेबात मला तरी फरक दिसत नाही. शहराची तिजोरी दंडावर चालवायची ठरवली की गरीब माणूस हेच तिचे पीक होते, असा त्या अहवालाचा सारांश मी काढतो.

याउलट फिनलंड. तिथे १९२१ पासून दंड ठरवताना माणसाची दिवसाची कमाई बघतात. २००२ साली तिथल्या एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या अधिकाऱ्याला वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल सुमारे १,१६,००० युरो दंड झाला. त्याच गुन्ह्याला मजुराला त्याच्या मजुरीच्या मानाने दंड होतो. गुन्हा एक, टोचणी एक.

आपल्या देशातही राज्ये हललेली आहेत. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या वाहतूक दंडावर सवलत देऊन लोकांना मोकळे होण्याची संधी दिली. आपल्या राज्यात जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या प्रश्नावर संप केला. त्यांची संघटना आहे म्हणून त्यांचे ऐकले जाते. एकेकट्या दुचाकीवाल्याचे कोण ऐकणार?

आज घरी गेल्यावर काय करायचे?

एक. राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून थकबाकी बघा. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत बघून देईल. पण मोबाईलवर अनोळखी नंबरावरून आलेली "चलनाची" फाइल उघडू नका. एपीके नावाच्या शेपटीची फाइल उघडून बँकेतले पैसे गेल्याच्या तक्रारी देशभर आहेत.

दोन. आरटीओच्या नोंदीत आपला चालू मोबाईल नंबर आणि पत्ता घाला.

तीन. चलन चुकीचे असेल, नंबर तुमचा पण फोटोतली गाडी दुसरीच असेल, तर ते भरून मोकळे होऊ नका आणि सोडूनही देऊ नका. त्याच संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. लगेच तक्रार करा, पोच जपून ठेवा.

चार. गाडी विकली तर विकणाऱ्याने आरटीओला कळवायची मुदत चौदा दिवसांची आहे. त्यासाठी फॉर्म २९, आणि घेणाऱ्यासाठी फॉर्म ३०. मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची असते. त्याला फॉर्म ३१. चलन मिटवल्याशिवाय आणि नाव बदलल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. सख्खा मेव्हणा असला तरी!

पाच. विम्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. गॅस सिलिंडरची लिहिता ना, तशीच.

सहा. समन्स आले तर तारखेला जा. दंड एकरकमी भरता येत नसेल तर कोर्टापुढे हात जोडून नव्हे, कायद्याने मागा : केवळ दंडाचीच शिक्षा झाली असेल आणि बदली कैद लावली असेल, तर तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तो होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दंडाची प्रकरणे लोक अदालतीतही ठेवली जातात. तिथला निवाडा अंतिम असतो, म्हणून नीट समजून सही करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, एवढेच.

आपली मागणी

काही कार्यकर्ते म्हणतील, सरसकट दंडमाफी मागू. मी त्या मताचा नाही. हेल्मेट डोक्यासाठी आहे आणि विमा दुसऱ्याच्या पोरांच्या पोटासाठी. रस्त्यावर मेलेला माणूसही बहुधा आपल्यातलाच असतो, सायकलवरचा किंवा पायी चालणारा. माफी मागून आपण त्याच्या घराशी दगा करू.

आपण मागायचे ते वेगळे. चलनाची नोटीस कागदावर, मराठीत, पोस्टाने घरी आली पाहिजे. चुकीच्या चलनाचा निकाल ठरावीक मुदतीत लागला पाहिजे. लायसन्स आणि नाव बदलण्याची शिबिरे तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी भरली पाहिजेत. दंड हप्त्याने भरण्याची सोय कोर्टात जाण्याआधीच मिळाली पाहिजे. आणि दंड ठरवताना माणसाची कमाई बघण्याचा विचार या देशात कधीतरी सुरू झाला पाहिजे. दंडाचा हेतू माणूस सुधारावा हा असेल तर एवढे करायला सरकारला जड नाही. हेतू तिजोरी भरण्याचा असेल तर तसे त्यांनी सांगावे, मग आपण दुसऱ्या भाषेत बोलू.

तोपर्यंत प्रत्येक शाखेने एक वही घालावी. गावातल्या प्रत्येक दुचाकीचा आणि पिकअपचा नंबर, नोंदणी कोणाच्या नावावर, विमा कधी संपतो, चलन किती. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. ज्या गाड्या मयताच्या नावावर आहेत त्यांची यादी वेगळी करा, कारण त्यांचे काम आधी काढायचे आहे. या वह्या घेऊन आपण शिष्टमंडळाने ओरोसला जाऊ आणि शिबिर मागू. हातात गावागावाचे आकडे असले की साहेबाला "बघू" म्हणून उठवता येत नाही.

आता चहा घ्या. त्यानंतर आंब्याच्या दलालीचा विषय.